एकवीस इंचांची वाट

छत्तीस वर्षं मी कर्जतच्या एका शाळेत भूमिती शिकवली. मापाच्या बाबतीत माझ्याशी कुणी वाद घालू नये, असा माझा खाक्या. फरशी बसवणारे, कपाटं करणारे सुतार, मंडपवाले, सगळ्यांची मी टेप हातात घेऊन परीक्षा घेतलेली आहे आणि बहुतेकांना नापास केलेलं आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे भागीबाईने माझी कशी जिरवली ते नीट कळेल. जिरवली म्हणजे ती काही मला उलटून बोलली नाही. तिने एक गादी शिवली, इतकंच.

भागीबाई ठाकूर समाजाची, घाटातल्या ठाकुरवाडी स्टेशनच्या वर जो पाडा आहे तिथली. साठीला आलेली, अंगाने काटकुळी, आणि उजव्या अंगठ्याला दाभण ढकलून ढकलून पडलेला चिंचोक्याएवढा घट्टा. तिला लिहिता येत नाही, टेपवरचे आकडे वाचता येत नाहीत. तिचं सगळं माप सुतळीला मारलेल्या गाठींमध्ये असतं. आमच्या बाजारपेठेत विठू गादीवाल्याचं दुकान होतं. त्याच्या मागच्या पडवीत बसून सव्वीस वर्षं तिने अर्ध्या कर्जतच्या गाद्या भरल्या. माझ्या घरातल्याही तिनेच भरल्या असणार. पण दुकानात गेलं की आपण विठूशी बोलतो. मागे कापसाच्या ढिगात कोण बसलंय ते बघायला कुणाला वेळ असतो? मलाही नव्हता.

माझी बायको चारुलता एकतीस वर्षं भूगोल शिकवत होती. नकाशात निळ्या पेन्सिलीने गोदावरी काढताना तिचा हात कधी अडखळला नाही, पण डोळ्यांनी पाहिलेल्या नद्या म्हणाल तर उल्हास आणि पाताळगंगा. निवृत्तीनंतर हिंडायचं, गोदावरी समुद्राला मिळते तिथपर्यंत जायचं, असं आमचं ठरलं होतं. ठरलं आणि तीन महिन्यांत ती न्हाणीघरात पडली. डावा खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पुढे ती वॉकर घेऊन चालायलाही लागली. मग आम्ही हौसेने समुद्रकाठच्या एका लॉजवर दोन दिवस गेलो. तिथली गादी इतकी मऊ की सकाळी चारू तिच्यात रुतून बसली. मला एकट्याला तिला उठवता येईना. शेवटी लॉजवरची दोन माणसं आली आणि त्यांनी काखेत हात घालून तिला उचललं.

घरी आल्यावर ती म्हणाली, "अहो, माझं हिंडणं संपलं. परक्या माणसांनी मला पोत्यासारखं उचलावं, एवढी काही मला नद्यांची हौस उरलेली नाही."

त्यानंतर दोन वर्षं तिने घराबाहेर एकही मुक्काम केला नाही. अंगणातल्या खुर्चीत बसून ती माथेरानच्या डोंगराकडे बघायची, आणि मी तिच्याकडे. मला ते बघवेना. म्हणून मी एक जुनी सतरा सीटची मिनीबस घेतली. म्हटलं, परक्याच्या पलंगावर झोपायचं नाही ना? मग आपण आपला पलंगच बरोबर घेऊन जाऊ.

मिनीबसचं घर करण्याचं काम जगदीशने घेतलं. चौकला जुन्या हायवेलगत त्याची फॅब्रिकेशनची शेड आहे. माझा विद्यार्थी. भूमितीत काठावर पास झालेला, पण त्याच्या वेल्डिंगचा सांधा शोधून सापडत नाही. सगळ्या सीटा काढल्या, पुढे छोटा ओटा आणि पाण्याची टाकी केली, मागे झोपायची जागा ठेवली. आतली रुंदी भरली पाच फूट नऊ इंच. मी आलेखाच्या कागदावर आराखडा काढला आणि मोठ्या दुकानातून सहा बाय पाचची जाडजूड गादी आणली. म्हातारपणी निदान ऐसपैस झोपावं, असा माझा हिशोब.

गादी बसली. अगदी मापात बसली. बाजूला उरले नऊ इंच.

चारू तिच्यावर आडवी झाली आणि मग उतरायची वेळ आली. नऊ इंचांत माणूस उभा कसा राहणार? पायांकडून सरकत उतरावं, तर गादी एवढी उंच की तिचे पाय जमिनीला टेकेनात. ती मध्येच अडकली. मी तिचे खांदे धरले, जगदीशने पाय धरले, आणि आम्ही दोघांनी मिळून तिला खाली घेतलं. म्हणजे पुन्हा पोतंच.

शेडबाहेरच्या खुर्चीत बसून तिने पदराने घाम पुसला. आवाज अगदी शांत होता तिचा. "मला कुणाच्या हाताशिवाय उठता आलं, तर मी येते. तुम्ही न्याल तिथे येते. नाही आलं, तर ही गाडी विकून टाका आणि पुन्हा माझ्याकडे विषय काढू नका."

एकतीस वर्षं वर्ग सांभाळलेली बाई आहे. बोलली म्हणजे बोलली. माझ्या सगळ्या आराखड्यावर पाणी पडलं आणि मी डोक्यात राख घालून जगदीशवरच ओरडलो. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, माझ्या भागी काकीला एकदा दाखवू का? ती गादीचं बघेल."

"गादीत बघायचंय काय? जागा कमी आहे!" मी म्हटलं.

"तरी पन येऊ दे तिला," जगदीश म्हणाला.

दोन दिवसांनी तो तिला आमच्या घरी घेऊन आला. आल्या आल्या मी माझा आराखडा तिच्यापुढे उलगडला. तिने कागदाकडे पाहिलं, मान डोलावली आणि कागद घडी करून मला परत दिला. मग ती चारूसमोर उकिडवी बसली. चारूच्या टाचेपासून गुडघ्याच्या खोबणीपर्यंत सुतळी धरली, एक गाठ मारली.

"बाई, तुमाला उठाया कुठल्या कुशीवरनं बरं वाटतं?"

"उजव्या," चारू म्हणाली. "डावीकडे वळलं की कळ येते."

"मंग वाट तुमच्या उजव्या अंगाला पायजे." एवढं बोलून ती माझ्याकडे वळली. "गुर्जी, गाडीत डोकं कुठं असतं तुमचं?"

"ड्रायव्हरच्या बाजूला."

"दर येळी?"

"दर वेळी. ठरलेलं आहे ते," मी म्हटलं. अडाणी प्रश्नाला जसं उत्तर देतात तसं दिलं.

मग तिने तूस मागितलं. भाताचं तूस. मळणी नुकतीच झाली होती, पोशीरच्या गिरणीतून जगदीशने दोन गोणी आणल्या. भागीबाईने आमच्या अंगणात, सावलीच्या बाजूला, ते चार बोटं जाड पसरलं, हाताने सपाट केलं आणि वर आपलं एक जुनं लुगडं अंथरलं.

"निजा," ती म्हणाली.

"कोण?"

"तुमी दोघं. रोज दुपारी निजता तसं निजा. मी हतं बसते."

आता सांगा, सत्तरीकडे झुकलेल्या मास्तराने भर दुपारी अंगणात, परक्या बाईसमोर, बायकोशेजारी तुसावर झोपायचं? मी नाही म्हणणार होतो. पण चारूला केव्हाच हसू फुटलं होतं. दोन वर्षांत ती असं हसलेली मी पाहिली नव्हती. मी निमूट आडवा झालो. भागीबाई पेरूच्या झाडाखाली पाठ करून बसली आणि सुतळीचा गुंडा सोडवत राहिली. थंडीचे दिवस, जेवण झालेलं. खोटं कशाला सांगू, मला झोप लागली.

तासाभराने तिने आम्हाला उठवलं. चारूला उठायला जगदीशने हात दिला. मग तिने लुगड्याची दोन टोकं स्वतः धरली, दोन जगदीशला धरायला लावली, आणि ते अलगद वर उचललं.

खाली तुसात आम्ही दोघं होतो. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. चारूचा खांदा कुठे, खुबा कुठे, टाच कुठे टेकते, सगळं उमटलेलं. माझे दुमडलेले गुडघे, पाठीचा बाक, सगळं. तुसाचा चौक मी पाहिला होता तो चांगला सहा फूट रुंद. आम्ही त्यातले जेमतेम चार फूट घेतले होते. चारू आपल्या जागी, आणि मी मधली जागा ओलांडून तिच्या अंगाशी. माझ्या बाजूचं तूस जसंच्या तसं सपाट. त्रेचाळीस वर्षं मी समजत होतो की मी पलंगाच्या माझ्या अर्ध्या भागात झोपतो. भूमितीचा मास्तर! मला माझं स्वतःचं क्षेत्रफळ माहीत नव्हतं.

भागीबाईने सुतळी टाकली आणि गाठी मारत गेली. खांद्याला एक, खुब्याला एक, टाचेला एक. मध्ये मध्ये खळग्यांत बोट घालून खोली बघत होती.

"गुर्जी, तुमी चार फुटांत निजता. बाकीची गादी कुनासाठी आनलीत?"

चारू त्या तुसाकडे बघत होती. तिने विचारलं, "भागी, हे कुठे शिकलीस गं?"

ती गाठी मारता मारताच सांगू लागली. तिचा नवरा शुक्रा सावरीची बोंडं काढायला झाडावर चढायचा. तो कापूस ती विठूच्या दुकानात उशांसाठी आणायची, तिथूनच तिचं गादीचं काम सुरू झालं. एका उन्हाळ्यात फांदी मोडली आणि शुक्रा पाठीवर पडला. कमरेखालचं अंग गेलं. पुढे चार वर्षं तो पडून होता. दवाखान्यातून घरी सोडताना सांगितलं होतं की पाठीला जखमा होतील, त्या सांभाळा, माणूस त्यानेच जातो. गादीवाल्याकडे काम करणारी ही बाई, पण घरात गादी नव्हती. तिने तूस पसरलं, त्यावर गोधडी टाकली आणि नवऱ्याला निजवलं. रोज गोधडी उचलून बघायची, भार कुठे जास्त पडलाय. तिथलं तूस काढायचं, शेजारी भरायचं. विठूकडचा वाया गेलेला कापूस साठवून पुढे तशीच गादी भरली. खुब्याखाली पातळ, कमरेखाली भरीव.

"चार वर्सं निजून व्हता," ती म्हणाली. "गेला तवा पाठ बघितली डॉक्टरनं. एक जखम नाय. लहान पोराची असते तशी पाठ. डॉक्टर मला इचारतो, बाई, काय लावत व्हतीस? काय लावनार? रोज बघत व्हते."

मी उठून आत गेलो आणि उगाच पाणी पिऊन आलो. छत्तीस वर्षं मी मुलांना सांगत होतो, नीट बघा, आकृतीत सगळं दिलेलं असतं. नीट बघणं म्हणजे काय असतं, ते या बाईने चार वर्षं रोज सकाळी केलं होतं.

गादी तयार व्हायला आठवडा लागला. जगदीशच्या शेडमध्येच भागीबाई शिवत बसली. खाली साधा पिंजलेला कापूस, वर सावरीचा थर. चार फूट रुंद, उंचीला बेताची, म्हणजे फळी धरून चारूच्या गुडघ्याइतकी. वाटेच्या बाजूच्या काठाला, बरोबर खुब्यापाशी, हातभर लांबीचा एक पट्टा तिने ठासून भरला होता आणि जवळ जवळ टाके घालून लाकडासारखा घट्ट केला होता. उठताना तळवा तिथे रेटायचा. वरून पाहिलं तर काही कळत नाही. हात ठेवला की कळतं. मी जाता येता त्या काठावर हात ठेवून पाहायचो.

जगदीशने गाडी आमच्या दारात आणून लावली, फाटकाकडे तोंड करून, म्हणजे पूर्वेला. चारू चढली, निजली, उजव्या कुशीवर वळली, काठावर तळवा रेटला आणि उठून उभी राहिली. एकटी! मी टाळ्या वाजवल्या. ती म्हणाली, "थांबा हो, अजून दाराबाहेर नाही पडलो."

तिचंच बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघंच पहिल्या फेरीला निघालो. फार लांब नाही, पोशीरच्या पुढे नदीकाठी. एका बांधालगत सावली बघून मी गाडी लावली. डबा खाल्ला, आणि चारू आडवी व्हायला गेली ती तशीच थबकली.

"अहो, गाडीचं तोंड उत्तरेला आहे."

"मग?"

"मग डोकं उत्तरेला आणि पाय दक्षिणेला होतात."

भूगोलाच्या बाईंना दिशा विचारावी लागत नाही. आमच्या घरात दक्षिणेकडे पाय करून कुणी झोपलेलं नाही. तिच्या सासूने नाही, माझ्या आजीने नाही. घरातला पलंग एकदा मांडला की हा प्रश्न पुन्हा येत नाही. म्हणून माझ्या डोक्यातच आलं नव्हतं की गाडी आहे, ती रोज वेगळीकडे तोंड करून उभी राहणार. मी आराखड्यात लांबी, रुंदी, उंची सगळं मांडलं होतं आणि दिशा विसरलो होतो.

"दिशेचं काय घेऊन बसलीस आता!" मी चिडलो.

"तुम्ही झोपा तसे. मी नाही झोपणार," ती म्हणाली, आणि उशी उचलून उलट्या टोकाला टाकली. डोकं मागच्या दाराकडे, पाय ड्रायव्हरकडे. निजली खरी. पण आता वाट आली होती तिच्या डाव्या अंगाला. उजवीकडे गाडीचा पत्रा. उठायची वेळ झाली तेव्हा डावीकडे वळताना तिला कळ आली, मी हात पुढे केला, आणि तिने तो धरला. धरावाच लागला.

गाडी वळवून लावतो म्हटलं, तर म्हणाली, "दर ठिकाणी वळवायला जागा असेल का?" परतीच्या वाटेवर ती खिडकीबाहेर बघत होती. घराशी उतरताना एवढंच म्हणाली, "झालं ना आता? विकून टाका."

मी तसाच चौकला गेलो. खरं सांगायचं तर भांडायला गेलो. भागीबाई शेडच्या दारात कुणाची तरी उशी उसवत बसली होती. मी तावातावाने सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "गुर्जी, मी इचारलं व्हतं. दर येळी का म्हून."

विचारलं होतं. अगदी हेच विचारलं होतं. मी खाली मान घातली. माझ्या शिकवण्याच्या सगळ्या वर्षांत एवढा साधा प्रश्न मी एवढ्या तोऱ्यात उडवून लावला नसेल.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

ती उठून गाडीत गेली. मी मागोमाग. गादीच्या मधोमध हात ठेवून ती बराच वेळ बसली, एकदा या टोकाला बघितलं, एकदा त्या. मग दाभणाची पिशवी उघडली, कात्री काढली आणि गादी उसवायला लागली. बरोबर मधून.

"अगं, हे काय करतेस?"

"दोन करते. दोन दोन फुटांच्या. एक हकडच्या पत्र्याला, एक तकडच्या. वाट मदी."

मी उभा होतो तिथेच खाली बसलो. डोळ्यांपुढे आकृती लखकन दिसली. दोन्ही भिंतींना दोन गाद्या, मध्ये वाट. डोकं पुढे असेल तर चारूने ड्रायव्हरच्या सीटमागची गादी घ्यायची, वाट तिच्या उजव्या हाताला. डोकं मागे करावं लागलं तर समोरच्या गादीवर जायचं, वाट पुन्हा उजव्याच हाताला! एक गादी अर्ध्या वर्तुळात फिरवली की दुसरी होते. मी ही परिवलनाची आकृती फळ्यावर शेकडो वेळा काढली होती, आणि ही बाई ती कात्रीने काढत होती. दिशा कुठलीही असो, गाडी कशीही उभी राहो, काही बिघडत नव्हतं. मला हात जोडावेसे वाटले. जोडले नाहीत, मास्तरकी आडवी आली. आज त्याचं वाईट वाटतं.

पण मग दुसरी गोष्ट लक्षात आली.

"भागी," मी म्हटलं, "त्या दिवशी तुसात तू बघितलंस ना? आम्ही वेगळे असे कधी…" या वयात काय बोलायचं?

ती उसवता उसवता थांबली. "बघितलं. म्हून तर वाट मोजते मी. गाद्या काय, कुनी बी मोजील."

मला तिने या बाजूच्या पत्र्यालगत निजवलं, समोरच्या पत्र्यालगत एक फळी टाकून स्वतः तिच्यावर बसली. "हात टाका." मी वाटेवर हात टाकला. तिने सुतळी माझ्या मनगटाला लावली, गाठ मारली. "बाईंचा हात मोजलाय मी. दोगांचं कोपरं गादीवर टेकून ऱ्हायलं पायजे. नायतर झोपेत हात गळतो."

"हे कुठे शिकलीस?" मी विचारलं. मला वाटलं, विठूकडे म्हणेल.

"त्याची गादी एकाच मानसाची व्हती," ती म्हणाली. "मी बाजूला भुईवर निजायचे. मदी पान्याचा तांब्या न् औषदं. चार वर्सं. हात पोचला की झोप लागते गुर्जी. अंगाला अंग लागाय पायजे असं नाय."

मग ती पुन्हा उसवायला लागली. मी टेप काढून सुतळीवरची ती वाट मोजली. एकवीस इंच भरली. पाच फूट नऊ इंचांतून दोन दोन फूट वजा केले तरी एकवीसच उरत होते. गणिताने उरलेली जागा आणि तिच्या सुतळीवरची गाठ एकाच ठिकाणी आली. मी टेप खिशात ठेवली आणि पुन्हा काढली नाही.

तीन दिवसांनी दोन्ही गाद्या तयार झाल्या. हुबेहूब एकसारख्या, दोन्हींच्या वाटेकडच्या काठाला तो घट्ट पट्टा. चारूला मी काही समजावलं नाही, फक्त म्हटलं, "शेवटचं. एकदाच." ती आली. मी गाडी पोशीरच्या त्याच बांधाजवळ नेली आणि मुद्दाम तोंड उत्तरेला करून लावली. चारूने सूर्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि डाव्या पत्र्याकडच्या गादीवर उशी मागच्या टोकाला टाकली. मी समोरच्या गादीवर निजलो. मध्ये वाट. मला ती फार रुंद वाटली. मी हात टाकला. थोड्या वेळाने तिचा हात आला.

जाग आली तेव्हा माझी बोटं मोकळी होती. डोळे किलकिले करून पाहिलं. ती उजव्या कुशीवर वळली होती. तळवा काठावर चाचपडला, पट्टा सापडला, तिने तो रेटला. उठून बसली. दोन्ही पाय एकदमच जमिनीला टेकले. मी माझे हात पांघरुणाखाली घट्ट दाबून धरले. ती उभी राहिली. क्षणभर समोरच्या काठाला धरून थांबली, मग वॉकर घेतला आणि दाराशी गेली. बाहेर नदी होती, फार मोठी नाही, थंडीतली. ती कितीतरी वेळ दारात उभी होती. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "जागे आहात ते कळतंय मला. गोदावरीला जायचं तर नाशिकच्या डोंगरातून सुरुवात करू. नदी उगमापासून बघायची असते."

मी तोंडावर पांघरूण ओढून घेतलं. रडत होतो, दुसरं काय.

येताना आम्ही सरळ चौकला गेलो. भागीबाई शेडच्या दारात टाके घालत बसली होती. गाडी थांबली, दार उघडलं, आणि चारू एकटी उतरली, सावकाश, पायरी धरून. भागीबाईने तिच्या पायांकडे पाहिलंच नाही. उठता आलं का, असंही विचारलं नाही. ते तिला माहीत होतं. तिने फक्त सुई थांबवली.

"हात पोचला?"

चारूने तिचा तो घट्ट्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. "पोचला गं. माझ्याआधी हेच झोपले."

भागीबाई हसली. मग तिने हात हळूच सोडवून घेतला आणि पुन्हा सुईत दोरा ओवू लागली.